ग्रीस, गादी आणि ‘पुन्हा उगवणारं’ इंजेक्शन : गुडघे-कंबरेच्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंदूरला रामबागेजवळ माझा छोटा दवाखाना आहे, त्याला बावीस वर्षं झाली. येणाऱ्यांत निम्मे तरी मराठी घरांतले असतात. कुणी सुदामा नगरहून येतं, कुणी लोकमान्य नगरहून, कुणी थेट देवासहून. पूर्वी लोक हातात एमआरआयची पिशवी घेऊन यायचे. आता पिशवी असतेच, शिवाय मोबाइलवर एक व्हिडिओही असतो: ‘बिना ऑपरेशन घुटना नया’. मग तेच प्रश्न. रोज तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच सांगते. इंजेक्शन मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. मी व्यायाम शिकवून पोट भरते. माझा कल कुठे असणार हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

रिजनरेटिव्ह ट्रीटमेंट म्हणजे नक्की काय?

शरीरातलाच, किंवा दुसऱ्या माणसाच्या शरीरातला, एखादा जिवंत घटक घेऊन तो झिजलेल्या जागी सोडायचा आणि तिथे दुरुस्ती होईल अशी आशा धरायची. आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट घेतल्या तर पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. कमरेच्या हाडातून मगज काढून तो दाट केला तर बोन मॅरो कॉन्सन्ट्रेट. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी, नाळेतून काढलेल्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) आणि प्रयोगशाळेत वाढवलेली स्वतःची कूर्चा हे सगळं याच नावाखाली येतं. एका टोकाला वीस मिनिटांत होणारं काम आहे, दुसऱ्या टोकाला मोठं ऑपरेशन. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर सहज खपवला जातो.

‘घुटने की ग्रीस खत्म हो गई’ असं डॉक्टर म्हणाले. ती परत भरता येते का?

हा शब्द बहुधा डॉक्टरांनीच समजावायला सोपा म्हणून काढला आणि तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसला. गुडघ्यात वंगण असतं हे खरं. पण संधिवातात वंगणाबरोबर हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, खालचं हाड बदलतं, आतलं अस्तर सुजतं, मांडीचा स्नायू सुकतो. फक्त ग्रीस संपलेली नसते, बेअरिंगही घासलेलं असतं. ‘ग्रीसचं इंजेक्शन’ म्हणतात ते हायलुरोनिक अॅसिड. काहींना त्याने काही महिने बरं वाटतं, पण कूर्चा त्याने येत नाही. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनात ते सरसकट वापरू नका असंच लिहिलंय.

आणि ‘गॅप वाढला’ म्हणणाऱ्यांसाठी: एक्स-रेमध्ये जागा कमी झालेली असते. गॅप गेला ही तक्रार असते, आला ही नाही. एक्स-रे उभं राहून काढलाय ना, तेही बघा. झोपून काढलेल्यात गुडघा असतो त्यापेक्षा तरुण दिसतो.

मी पस्तिशीचा आहे. एमआरआयमध्ये ‘डिस्क डिजनरेशन’ लिहिलंय. मी संपलो का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा चेहरा पाहवत नाही. मागे विजय नगरच्या आयटी कंपनीतला एक मुलगा आला होता. रिपोर्टमधल्या ‘एल-४ एल-५’च्या (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या) ओळीखाली त्याने लाल पेनाने दोनदा रेघ मारली होती आणि त्या दिवसापासून वाकणंच बंद केलं होतं. बुटाची लेस बायकोकडून बांधून घ्यायचा.

त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या न दुखणाऱ्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्यांत (डिस्क, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्यांत) झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. चकती थोडी फुगलेली असणं विशीत ३० टक्क्यांना आणि ऐंशीत ८४ टक्क्यांना होतं. थोडक्यात, स्कॅनमधली झीज ही केस पिकण्यासारखी गोष्ट आहे. तुमची कंबर दुखतेय हे खरं, रिपोर्टमध्ये झीज दिसतेय हेही खरं, पण पहिल्याचं कारण दुसरंच आहे हे त्या कागदावरून सिद्ध होत नाही. आणि कारणच नक्की नसेल तर त्या चकतीत महागाचं इंजेक्शन कशासाठी?

तरुण वयात सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर आखडत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर गोष्ट वेगळी. तो स्पॉन्डिलायटिसचा, म्हणजे मणक्याला सूज आणणाऱ्या वाताचा, प्रकार असू शकतो. त्यासाठी रूमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे वातरोगतज्ज्ञ, गाठा. आणि ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्या देशात मणक्याचा टीबी आधी डोळ्यांसमोर आणायचा. टीबीच्या मणक्याला कुणी ‘झीज’ म्हणून इंजेक्शन टोचलं तर काय होईल, याची कल्पनाही नको.

गादी झिजली की आपोआप भरून का येत नाही? हाड तर जुळतं.

हाडाला भरपूर रक्त मिळतं. मणक्यातली चकती ही शरीरातली रक्तवाहिन्या नसलेली सर्वांत मोठी जागा आहे. तिला अन्नपाणी वरच्या-खालच्या मणक्यांच्या चपट्या पृष्ठभागातून झिरपून मिळतं, तेही बेताचं. आत जेलीसारखा गाभा, तरुणपणी ८० टक्क्यांच्या वर पाणी धरून ठेवणारा. बाहेर कांद्यासारखी पापुद्र्यांची कडी. दिवसभर बसून-उभं राहून गाभ्यातलं थोडं पाणी दाबलं जातं, रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एखाद-दीड सेंटीमीटर उंच असतो. खोटं वाटत असेल तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून पाहा.

वय वाढतं तसे ते पृष्ठभाग कडक होतात आणि झिरपण कमी होते. आत ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त, आधीच असलेल्या पेशी उपाशी. आता विचार करा, अशा घरात आपण बाहेरून लाखो नव्या पेशी पाहुणे म्हणून पाठवतोय. जिथे घरच्यांना पुरत नाही तिथे पाहुण्यांचं काय होणार? चकतीतल्या स्टेम सेलची खरी अडचण ही आहे.

मग सरकलेली गादी आत जाते म्हणतात, ते खोटं?

नाही. तो वेगळा प्रकार आहे. गाभ्याचा तुकडा कडी फोडून बाहेर आला की शरीर त्याला परका समजून हळूहळू फस्त करतं. गंमत म्हणजे जेवढं जास्त बाहेर आलेलं तेवढं विरघळण्याची शक्यता जास्त. सुटून पडलेले तुकडे विरघळण्याचं प्रमाण एका अभ्यासात ९६ टक्के आलं, फक्त फुगलेल्या चकतीचं १३ टक्के. म्हणून सायटिकाच्या (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पायाची ताकद शाबूत असेल तर, धीर धरणं हाही उपचारच असतो. या काळात कुणी ‘गादी बसवून देतो’ म्हणालं आणि तुम्ही बरे झालात, तर श्रेय कुणाचं हे सांगता येत नाही.

पीआरपी कसं करतात? दुखतं का?

एका ओळखीच्या ऑर्थोपेडिक सरांच्या क्लिनिकमध्ये मी उभी राहून पाहिलंय. दंडाला रबर बांधून साधारण ३० ते ६० मिली रक्त काढलं, गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेल्या नळ्यांत. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर ठेवल्या. एक नळी कमी होती तर सिस्टरने तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी समोर लावली. मशीन घुंघुं करत फिरलं. बाहेर काढल्यावर तळाला गडद लाल थर, वर सोनेरी पाणी आणि दोघांच्या मध्ये सायीसारखी पातळ, धुरकट रेघ. सगळा खेळ त्या रेघेच्या आसपासचा. सरांनी सुई तिथे नेऊन इतकं सावकाश ओढलं की मीच श्वास धरला. हातात आलं ते पाच-सहा मिली, उसाच्या रसाच्या फेसासारखं पिवळट. पुन्हा सोनोग्राफीवर गुडघा पाहून आत सोडलं.

दुखतं. इंजेक्शनच्या वेळेपेक्षा नंतरचे दोन-तीन दिवस जास्त. त्या दिवसांत ब्रुफेन, व्होवेरानसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या बहुतेक डॉक्टर बंद ठेवायला सांगतात, कारण ज्या प्रतिक्रियेसाठी पीआरपी दिलं तीच त्या दाबतात. पॅरासिटामॉल चालते. आधीचे काही दिवसही अशा गोळ्या टाळायच्या असतात. किती दिवस, ते तुमच्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पीआरपीने कूर्चा पुन्हा वाढते का?

माणसाच्या गुडघ्यात ती वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

ऑस्ट्रेलियात एक चांगली चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आले. पन्नाशीपुढचे, सौम्य ते मध्यम संधिवाताचे २८८ लोक. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं, निम्म्यांना साधं सलाईनचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही. वर्षाने दुखणं शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पीआरपी गटात २.१ने आणि पाण्याच्या गटात १.८ने उतरलं. एमआरआयवर मोजलेली कूर्चा दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच कमी झाली.

या आकड्यांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते पाण्याचं १.८. सुई टोचून घेतली, कुणी नीट लक्ष दिलं, आशा वाटली, आणि दुखणं तसंही कमी-जास्त होतच असतं. तुमच्या शेजारच्या काकूंना पीआरपीने बरं वाटलं ते खोटं नाही, पण त्यातला किती वाटा प्लेटलेटचा हे काकूही सांगू शकत नाहीत.

पीआरपीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की त्या चाचणीत प्लेटलेटची मात्रा कमी पडली. या म्हणण्यात तथ्य आहे. किती प्लेटलेट, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, किती वेळा द्यायचं, यावर अजून एकमत नाही. काही लहान चाचण्यांत गुडघ्याला सहा महिने ते वर्षभर फायदा दिसलाय. अमेरिकेतल्या वातरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पीआरपीच्या विरोधात मत दिलं, अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये मर्यादित का होईना, अनुकूल. दोघेही हुशार, दोघांसमोर जवळपास तेच पुरावे. माझं मत विचाराल तर दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचा गुडघा (एक्स-रेवरून झिजेला चारपर्यंत ग्रेड देतात), वजन आणि व्यायाम जागेवर, तरी दुखतंय, आणि गेले तर गेले म्हणण्याइतके पैसे हातात आहेत, तर एकदा करून बघायला हरकत नाही. चौथ्या ग्रेडला, हाडाला हाड लागल्यावर, नको.

आणि कंबरेच्या गादीत?

इथे मी जास्त सावध आहे. चकतीतल्या पीआरपीची २०१६ मधली एक अमेरिकन चाचणी नेहमी दाखवली जाते. तीत ४७ रुग्ण होते, आठ आठवड्यांना फायदा दिसला. उमेद वाटण्यासारखं, पण ४७ म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला होते तेवढी गर्दी. स्टेम सेलची मोठी चाचणी मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीने केली, ४०४ रुग्णांवर. मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. काही रुग्णांचं दुखणं बराच काळ कमी राहिलं म्हणून कंपनीने पुढची चाचणी हाती घेतली. विज्ञान असंच चालतं, त्यात काही गैर नाही. गैर आहे ते पुढच्या चाचणीचा निकाल यायच्या आत इथे पॅकेज विकणं.

शिवाय चकतीत सुई घालणं म्हणजे तिच्या कडीला भोक पाडणं. तपासणीसाठी चकतीत सुई घालून रंग सोडलेल्या लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा टोचलेल्या चकत्यांची झीज न टोचलेल्यांपेक्षा जास्त झालेली दिसली. २००९चा तो अभ्यास मी विसरू शकत नाही. चकतीत जंतुसंसर्ग झाला तर आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक. क्वचित होतं, पण होतं.

स्टेम सेलला भारतात मान्यता आहे की नाही? एक डॉक्टर हो म्हणतात, दुसरे नाही.

दोघेही अर्धं सांगतायत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्टेम सेल कायद्याने ‘नवीन औषध’ आहेत, २०१९च्या नियमांप्रमाणे. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागते. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीचं, दात्याच्या बोन मॅरोतून वाढवलेल्या पेशींचं एक उत्पादन गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्य झालं आणि २०२२ मध्ये ‘स्टेमवन’ नावाने बाजारात आलं. त्यामागच्या चाचणीत १४६ रुग्ण होते आणि वर्षभरात दुखणं व हालचाल यांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा) चांगला फरक दिसला. ही मान्यता गुडघ्यापुरती, तीही मधल्या ग्रेडपुरती. त्या कागदावर कंबर, मान, खुबा यांना ‘यालाही मान्यता आहे’ असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. बाकी पेशींसाठी आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार विकणं योग्य नाही.

तिकडे अमेरिकेत ४७५ रुग्णांवर बोन मॅरो, चरबी आणि नाळ अशा तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली गेली. २०२३ मध्ये निकाल आला. वर्षाच्या शेवटी तिन्हींतली एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. स्टेरॉइडची बाटली काही शेकड्यांत मिळते.

नाळेतल्या ‘तरुण’ पेशी जास्त ताकदवान असतात ना?

माझ्या सख्ख्या काकांनाही हेच सांगितलं गेलं. एका हॉटेलात शिबिर होतं, आल्याचा चहा, मागे मोठा पडदा, पडद्यावर झिजलेला गुडघा आणि मग गुलाबी, नवा कोरा गुडघा. काका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, तरी दोन्ही गुडघ्यांचे मिळून पावणेदोन लाख भरून आले. मला कळलं ते इंजेक्शनच्या दिवशी सकाळी. मी गेले. थर्माकोलचा डबा, आत निळ्या जेलच्या दोन बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये एक बाटली. बाटलीवर नाव होतं, बॅच नंबर नव्हता, पेशी किती हे नव्हतं. गोठवलेल्या जिवंत पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, उणे दीडशे अंशांच्या खाली आणाव्या लागतात. बर्फाच्या पिशव्यांत त्या गोठलेल्या राहत नाहीत. मी विचारलं, तर ‘मॅडम, टेक्नॉलॉजी गोपनीय आहे’. काका म्हणाले, ‘अगं, पैसे भरलेत ना आता.’ तीन दिवस गुडघा नारळाएवढा झाला. मग दोन महिने छान. मग पूर्वीसारखंच. पैसे परत मागायला गेले तेव्हा सही केलेला कागद पुढे आला. त्यात ‘परिणामांची हमी नाही’ असं बारीक अक्षरात होतं, आणि वाचताना चष्मा काकांच्या खिशातच होता.

ते स्वस्तात सुटले. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या अशाच एका उत्पादनाने बारा जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात ठेवावं लागलं. काहींच्या सांध्यांत, काहींच्या मणक्यात.

स्टेरॉइडपेक्षा तरी बरं ना हे सगळं?

स्टेरॉइडला लोक विष समजतात आणि विकणारे ती भीती वापरतात. एखादं इंजेक्शन, खूप सूज आलेल्या गुडघ्यात, लग्नकार्य पार पडेपर्यंत, हे वाईट नाही. वाईट आहे सवय. १४० रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड किंवा सलाईन दिलं, तेव्हा स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त कमी झाली आणि दुखण्यात फरक नव्हता. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, घरच्या मशीनवर तपासत राहा.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, क्रिकेट खेळताना कूर्चेचा तुकडा उडालाय. त्यालाही हेच?

त्याच्यासाठी खरोखर पुनर्निर्माणाच्या जवळ जाणारा उपचार आहे. त्याच्याच गुडघ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा घेऊन पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने खड्ड्यात बसवायच्या. स्वीडनमध्ये १९८७ पासून करतायत, १९९४ मध्ये जगासमोर मांडलं गेलं, भारतातही २०१७ मध्ये अशा उत्पादनाला मान्यता मिळाली. अट एकच: खड्डा एका जागी असावा, आजूबाजूची कूर्चा निरोगी असावी. आजोबांचा सगळीकडून झिजलेला गुडघा यात बसत नाही. रस्त्यावरचा एक खड्डा बुजवणं वेगळं आणि अख्खा रस्ताच उखडलेला असणं वेगळं. इंदूरकरांना हे समजावून सांगायला नको.

आयुष्मान कार्डावर होईल? विम्यातून?

पीआरपी बहुतेक ओपीडीत होतं, त्यामुळे साध्या आरोग्यविम्यातून मिळत नाही. स्टेम सेल ‘कव्हर’ असल्याचं पॉलिसीत वाचलंत तर पुढची ओळही वाचा. विमा नियामकाने २०१९ मध्ये जे घातलं ते रक्ताच्या आजारांतल्या बोन मॅरो प्रत्यारोपणापुरतं आहे. गुडघा बदलण्याचं पॅकेज मात्र आयुष्मानमध्ये आहे आणि सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, २०२४ पासून कार्ड मिळतं. कुठल्या रुग्णालयात होईल ते एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या आयुष्मान खिडकीवर विचारून घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमतही २०१७ पासून सरकारने बांधून दिलीय, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमची तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा ठरली होती. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पीआरपीसाठी बंद करू?

स्वतःहून अजिबात नाही. स्टेंट घातलेल्या माणसाने गुडघ्यासाठी गोळी बंद करून हृदय पणाला लावायचं नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

कोलाजेन पावडर, ग्लुकोसामाइन?

पचून जातात. गुडघ्यापर्यंत पोचून कूर्चा बांधतात असं दिसलेलं नाही. त्या पैशांचं दूध, पनीर, डाळ घ्या, स्नायूला लागेल.

जानुबस्ती, महानारायण तेल, लेप?

ऊब आणि चोळण्याने बरं वाटतं, करा. कातडी भाजू देऊ नका, विशेषतः मधुमेहात पायाला गरम कळत नाही तेव्हा.

तुम्ही तर व्यायामच सांगणार!

सांगणारच. पण हिशेब ऐका. संधिवात असलेल्या जाड लोकांवरच्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. पाच किलो उतरवलं तर पावलागणिक वीस किलो. दिवसाला चार हजार पावलं धरा आणि गुणाकार तुम्हीच करा. रोजचे पोहे बंद करा असं मी इंदुरात राहून म्हणणार नाही, मला इथेच राहायचंय. वरची शेव अर्धी करा आणि सोबतची जिलबी रविवारवर न्या.

व्यायामात तीनच गोष्टी आधी. खुर्चीवर बसून पाय सरळ करून मांडी आवळायची, मनात दहा मोजायचे, सोडायचं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, कारण कुल्ल्याचा स्नायू ढिला असेल तर गुडघा आत वळतो. आणि उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पहिले दोन आठवडे दुखणं थोडं वाढतं आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात. दुखणं रात्रीपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकत असेल तर निम्मं करा. तीन महिने द्या. पीआरपी घेतलंत तरी हे सुटत नाही. ज्या चांगल्या डॉक्टरांना मी ओळखते ते इंजेक्शनच्या चिठ्ठीवरच फिजिओ लिहितात.

ऑपरेशन किती टाळावं?

टाळण्यासाठी टाळू नका. रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात काठी लागायला लागली, पाय धनुष्यासारखा वाकला, तर वेळ झाली. बदललेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात असं २०१९च्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. पासष्टाव्या वर्षी केलेलं नव्वदीपर्यंत पुरू शकतं. मात्र पाच वर्षं ह्या इंजेक्शनवरून त्या इंजेक्शनवर जाण्यात मांडीचा स्नायू इतका सुकतो की ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस चालायला कंटाळतो. आणि आधी इंजेक्शन घेतलं असेल तर ते शल्यचिकित्सकांना तारखेसकट सांगा. ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत सांध्यात सुई गेलेली त्यांना आवडत नाही, संसर्गाच्या भीतीने.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू? तिथे गेल्यावर सुचत नाही.

चिठ्ठीवर लिहून न्या, लाजू नका. माझ्या गुडघ्याचा ग्रेड किती? तुम्ही देणार ते नेमकं काय आहे आणि कुणाच्या शरीरातून आलंय? सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर पाहून देणार का? दुखणं नाही उतरलं तर पुढे काय? आणि ‘ट्रायल चालू आहे’ असं म्हणाले तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते आणि २००९ पासून भारतातली प्रत्येक औषधचाचणी तिथे नोंदवणं सक्तीचं आहे. नोंद नसेल, किंवा ‘ट्रायल’साठी तुमच्याकडून लाख रुपये मागत असतील, तर चपला घालून बाहेर या.

कधी एकही दिवस थांबायचं नाही?

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसतो त्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटायला लागली, तर कुठलंही इंजेक्शन, कुठलीही फिजिओ नाही. त्याच रात्री तातडीचा विभाग. सांध्यात इंजेक्शन घेतल्यानंतर ताप आणि लाल, गरम गुडघा असेल तरीही तेच.

पीआरपीनंतर मांडी घालून पंगतीला बसता येईल का?

हा प्रश्न आज्या शेवटी, दारात उभ्या राहून, हळूच विचारतात. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. आधी बसता येत नसेल तर इंजेक्शनने येणार नाही. बसता येत असेल तर थोडा वेळ, पाठीशी भिंत आणि उठताना धरायला काहीतरी. स्नेहलतागंजातल्या एक आजी गौरीच्या जेवणाला आता पाटावर पाट ठेवून बसतात, तीन पाट, वर घडी घातलेली सतरंजी. सुना हसतात. आजी म्हणतात, मी सगळ्यांच्या वर बसलेय, वाढताना आधी माझ्या पानात वाढा.